मिशनच्या मुलांची पत्रे

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा ई-मेल आला. अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) एका ख्रिस्ती कुटुंबातली ही मुलगी आम्हां दोघांकडे मराठी घेऊन एम. ए. झाली, पुढे लग्न होऊन अमेरिकेत गेली. तेथील तिच्या चर्चतर्फे पंधरा-वीस जणांची एक तुकडी दोन आठवड्यांसाठी एस्वातिनीला, म्हणजे २०१८ पर्यंत ज्याला आपण स्वाझीलँड म्हणत होतो त्या देशाला, निघाली होती. लहान मुलांबरोबर खेळायचे, त्यांना बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या, एका शाळेच्या भिंती रंगवायच्या, असा कार्यक्रम होता. तिने विचारले होते, ''सर, मॅडम, जाण्यापूर्वी मी काय वाचू?''

साधा प्रश्न. पण विचारणारी कोण हे ठाऊक असल्यामुळे आम्ही थोडे थबकलो. या मुलीचे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात नगरच्या मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनाथ मुलांपैकी एक होते. त्यांचे मूळ गाव कोणते हे तिच्या घरात कुणालाच माहीत नाही. आईबापांची नावे माहीत नाहीत. मिशनच्या अहवालात त्या वर्षी किती मुले आली याचा आकडा असणार, आणि त्या आकड्यात एक म्हणजे हे पणजोबा. एम. ए.च्या वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना टिळकांच्या घरी आलेल्या दुष्काळातल्या मुलांचा भाग निघाला, तेव्हा तिने हे सांगितले होते. वर्ग एकदम शांत झाला होता. आणि आता तीच मुलगी मिशनची पाहुणी म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी मुलांकडे निघाली होती. आम्ही तिला दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांचे पुढे दोन महिने झाले, आणि तिला द्यायच्या उत्तराचा हा लेख झाला.

प्रारंभी एक दुवा सांगितला पाहिजे, कारण नगर आणि दक्षिण आफ्रिका यांचा संबंध वाचकाला ओढूनताणून आणलेला वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही. अमेरिकेत १८१० साली परदेशी धर्मप्रसारासाठी जे बोर्ड स्थापन झाले, त्याचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. हेच ते अमेरिकन मराठी मिशन, ज्याने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' काढला, आणि पुढे ज्याच्या छायेत नारायण वामन टिळक वावरले. याच बोर्डाने धाडलेले सहा मिशनरी १८३५ साली सपत्नीक दक्षिण आफ्रिकेत उतरले. त्यांतले तिघे नाताळमध्ये झुलूंच्या प्रदेशात गेले, तिघे आत उत्तरेला. बोर्डाच्या 'मिशनरी हेरल्ड' या मासिकात मराठी मुलखातून आलेली पत्रे आणि झुलूंच्या मुलखातून आलेली पत्रे एकाच बांधणीत छापली जात. बॉस्टनजवळच्या एखाद्या खेड्यातली बाई एका संध्याकाळी दोन्ही वाचत असेल. तिच्या लेखी गोदावरी आणि तुगेला या फार दूरच्या नद्या नव्हत्या.

ही पत्रे हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानला पाहिजे, आणि आपल्याकडे त्याचा तसा अभ्यास व्हावा तितका झालेला नाही. त्याचे काही ठरलेले घटक आहेत: प्रवासाचे कष्ट, प्रदेशाचे वर्णन, एखाद्या दुखण्याची बातमी, शाळेतल्या मुलांची संख्या, आणि मग एक मूल. ते एक मूल जवळजवळ नेहमी असतेच. ते गोष्ट ऐकून रडते, किंवा घरी जाऊन बापाला प्रार्थना शिकवते, किंवा मरते आणि मरताना शांत असते. देणगी मागणाऱ्या मजकुरात मूल आणल्याशिवाय देणगी येत नाही हे एकोणिसाव्या शतकाने फार लवकर ओळखले होते. लंडन मिशनरी सोसायटीने १८४४ मध्ये खास मुलांसाठी मासिक काढले आणि त्याच वर्षी ब्रिटनमधल्या मुलांनी गोळा केलेल्या पैशांतून एक जहाज विकत घेतले. सिलोनमध्ये आमच्या याच अमेरिकन बोर्डाच्या शाळांत अमेरिकेतला दाता एखाद्या तमिळ मुलाचा खर्च उचली आणि त्याला आपल्या पसंतीचे नाव देई. दात्याला नाव मिळे, मुलाचे जाई. यात दुष्टावा नव्हता, प्रेमच होते. पण ते प्रेम लिहीत असे, आणि मूल लिहीत नसे.

मग मुले लिहू लागली तेव्हा काय झाले, हा आमच्या दृष्टीने या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

त्यासाठी १८५८ च्या केपटाऊनला जावे लागेल. त्याआधीची दोन वर्षे खोसा लोकांच्या इतिहासातली सर्वांत काळी. (खोसा हा उच्चार आपण आपल्या सोयीसाठी करतो, त्यातले पहिले अक्षर जीभ बाजूच्या दाढांपासून सोडवून काढायचा एक चटकारा आहे आणि देवनागरीत तो लिहिता येत नाही.) युरोपातून आलेल्या फुफ्फुसाच्या रोगाने त्यांची गुरे मरत होती, इंग्रजांशी लागोपाठ युद्धे होऊन जमीन आकसत होती. अशा वेळी १८५६ मध्ये नोंगकावुसे नावाच्या पंधराएक वर्षांच्या मुलीने सांगितले की, पूर्वज परत येणार आहेत; उरलेली गुरे मारा, धान्य फेका, पेरणी थांबवा. पुष्कळांनी ते ऐकले. इतिहासकार जेफ पायरेस यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ४,००,००० गुरे मारली गेली आणि सुमारे ४०,००० माणसे उपाशी मेली. केपचा गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे याने या दुष्काळाकडे संधी म्हणून पाहिले. भुकेली माणसे मजुरीला वसाहतीत गेली, रिकाम्या जमिनीवर गोरे वसवले गेले. आणि सरदारांची मुले केपटाऊनला नेली गेली.

नेली गेली, असेच म्हणावे लागते. ग्रे आणि केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे (आडनावाचा उच्चार एक, नाते नाही) यांनी या मुलांसाठी शाळा काढली. आधी बिशपच्या निवासस्थानी आणि १८६० पासून झोनेब्लूम नावाच्या जुन्या द्राक्षमळ्यात ती भरू लागली. झोनेब्लूम म्हणजे सूर्यफूल. मुले सुतारकाम, चांभारकाम, शिवणकाम शिकत. मुली शिवणटिपण आणि घरकाम. सगळे इंग्रजी व बायबल. हेतू दुहेरी होता आणि कुणी तो फारसा लपवलाही नव्हता. सरदारांचे वारस इंग्रजी वळणाचे व्हावेत हा एक. आणि मुले आपल्या ताब्यात असली की बाप बंड करताना दहा वेळा विचार करील, हा दुसरा. शाळा आणि ओलीस या दोन संस्था एका छपराखाली नांदत होत्या. शिकवणाऱ्यांतल्या अनेकांच्या मनात मात्र फक्त शाळाच होती, हेही नोंदवले पाहिजे.

या मुलांत खोसांचा मोठा सरदार सांदिले याची मुलगी होती. कागदोपत्री तिचे नाव एमा. वय पंधरा-सोळा. तिची काही पत्रे शिल्लक आहेत आणि २००३ साली निघालेल्या दक्षिणी आफ्रिकेतील स्त्रियांच्या लेखनाच्या मोठ्या संकलनात ती वाचायला मिळतात. १८६० च्या सुमारास तिने खुद्द गव्हर्नरला लिहिलेले पत्र अगदी लहान आहे. त्याचा आशय असा की, मला माझ्या देशी जाऊ द्याल तर आनंद होईल, आईला थोडे दिवस भेटावेसे फार वाटते, आणि जाऊ दिलेत तर मी परत येईन.

हे पत्र आम्ही किती वेळा वाचले असेल! शाळेत शिकलेले इंग्रजी, पत्रलेखनाच्या धड्यातली शिस्त, आदरार्थी मायना. शिक्षिकेने वहीत काढून दिलेल्या नमुन्यावर हुकूम पत्र घडले आहे. पण त्या नमुन्यात 'मी परत येईन' हे वाक्य नसणार. कुठल्या मुलीला आईला भेटायला जाताना हे आधी कबूल करावे लागते? माहेरी निघालेली सासुरवाशीण असे म्हणेल. सुटीवर निघालेला शिपाई म्हणेल. एमाला आपली स्थिती नेमकी कळली होती. तिला कुणी ओलीस हा शब्द सांगितला नसेल, पण तिच्या वाक्यरचनेला तो ठाऊक आहे. मिशनच्या शेकडो पानी अहवालांत त्या शाळेबद्दल जे सापडत नाही ते या चार ओळींत सापडते, आणि गंमत अशी (गंमत हा शब्द येथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) की ते लिहिण्याची शक्ती तिला त्याच शाळेने दिली होती.

एमा पुढे शिक्षिका झाली. थेंबूंच्या तरुण राजाशी तिचा ख्रिस्ती पद्धतीने विवाह व्हावा असे बिशपच्या मंडळींनी ठरवले होते. पण राजाला एकाच पत्नीचे बंधन त्याच्या लोकांत मान्य होणारे नव्हते आणि ते लग्न मोडले. नंतर ती एका लहान सरदाराच्या अनेक स्त्रियांपैकी एक होऊन राहिली. मिशनच्या दृष्टीने ही पडझड. पण १८८३ साली जमिनीची चौकशी निघाली तेव्हा हीच बाई आपल्या जमिनीवरचा हक्क शब्दांत मांडून उभी राहिलेली दिसते. तेव्हाही ती लिहीतच होती. मागणे बदलले होते.

लव्हडेलबद्दल आमच्या वाचकांना अधिक माहिती असेल, त्यामुळे त्याचे थोडक्यात. स्कॉटिश मिशनने १८४१ मध्ये ही संस्था सुरू केली तेव्हा तिथे ११ आफ्रिकी आणि ९ गोरी मुले होती. तेथे शिकलेला टियो सोगा १८४६ च्या युद्धात आपल्या शिक्षकाबरोबर स्कॉटलंडला गेला, दीक्षित पाळक होऊन १८५७ मध्ये स्कॉटिश पत्नीसह परत आला, आणि येऊन पाहतो तो गुरे मारण्याच्या प्रकरणाने ओसाड झालेला मुलूख. त्याची मुले अर्धी स्कॉटिश, अर्धी खोसा. १८७० मध्ये ती शिकायला स्कॉटलंडला निघाली तेव्हा त्याने एका वहीत त्यांच्यासाठी उपदेश लिहून दिला. त्याचा गाभा एवढाच: आईचा मान राखा, पण जगात स्वतःला गोरे म्हणून नव्हे, काळे म्हणून उभे करा, बापाच्या कातडीची लाज बाळगू नका. मिशनच्या शाळेतला मुलगा बाप झाल्यावर आपल्या मुलांना काय लिहितो हे पाहावे. पुढच्याच वर्षी तो वारला. मुलांतला एक डॉक्टर झाला, एक पशुवैद्य, एक पत्रकार, आणि एकाने खोसांचा इतिहास लिहिला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी येथे एक नोंद. टियो सोगाने बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'च्या पहिल्या भागाचे खोसा भाषांतर १८६७ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडे हरि केशवजी यांचे 'यात्रिक क्रमण' १८४१ चे. बन्यननंतर सोळा वर्षांनी मराठीत बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले, १८५७ साली. आणि लेसोथोत पॅरिसच्या प्रॉटेस्टंट मिशनच्या मोरिया येथील छापखान्यात वाढलेल्या थॉमस मोफोलोने सेसोथो भाषेतली पहिली कादंबरी लिहिली ती १९०७ ची 'मोएती ओआ बोचाबेला'. म्हणजे पूर्वेचा वाटसरू. मराठीतली पहिली कादंबरी पर्यटनाची, सेसोथोतली पहिली वाटसरूची. हा निव्वळ योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. मिशनच्या शाळेतल्या मुलाच्या हाती गोष्टीचा जो पहिला साचा पडला तो घर सोडून निघालेल्या माणसाचा होता, आणि ते मूल स्वतः घर सोडूनच तिथे आलेले होते. मोफोलोचे पुढचे मोठे पुस्तक 'चाका'. ते झुलू राजाबद्दलचे. त्यात ख्रिस्ती बोध पुरेसा नाही, जुन्या चालीरीती मात्र भरपूर, म्हणून मिशनरी मंडळी अस्वस्थ झाली आणि हस्तलिखित वर्षानुवर्षे पडून राहून १९२५ मध्ये छापले गेले. ज्यांनी लिहायला शिकवले त्यांनाच लिहिलेले वाचून काळजी वाटली. असो.

आता येथवर वाचून असा समज होईल की, मुले सदैव नेली जात होती आणि मिशन नेत होते. नाताळमध्ये उलटेही घडले, आणि ते सांगितले नाही तर आम्ही एमाच्या पत्राचा गैरवापर केला असे होईल. आमच्या अमेरिकन बोर्डाच्या इनांडा येथील ठाण्यावर डॅनियल लिंडली होते. त्यांच्याकडे एका सरदाराची विधवा आपल्या मुलाला घेऊन आली. रिवाजाप्रमाणे तिला दिराच्या घरी जायचे होते आणि जायची इच्छा नव्हती. हा मुलगा म्हणजे जेम्स दुबे, जो पुढे पाळक झाला. आणि त्याचा मुलगा जॉन दुबे. १८६९ मध्ये इनांडालाच मुलींची निवासी शाळा निघाली. तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका मेरी एडवर्ड्स. या शाळेत कित्येक मुली पळून येत: म्हाताऱ्याशी ठरलेल्या लग्नातून, गुरांच्या बदल्यात झालेल्या सौद्यातून. मागोमाग बाप येत, भाऊ येत, न्यायाधिकाऱ्यापर्यंत प्रकरणे जात. एका मुलीला जी शाळा कोंडवाडा होती ती दुसरीला आडोसा होती. आपल्याकडे मुक्तिसदनाचा इतिहास वाचणाऱ्याला हे नवे नाही.

जॉन दुबे यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ओहलांगे येथे स्वतःची शाळा काढली, १९०३ मध्ये 'इलांगा लासे नाताल' हे झुलू वृत्तपत्र सुरू केले, १९१२ मध्ये जी संघटना पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झाली तिचे ते पहिले अध्यक्ष झाले, आणि झुलू भाषेतली पहिली मानली जाणारी कादंबरीही त्यांचीच. गांधींचा फिनिक्स आश्रम तिथून हाकेच्या अंतरावर. १९९४ साली नेल्सन मंडेला यांनी आयुष्यातले पहिले मत दिले ते ओहलांगेच्या शाळेत, आणि आधी जाऊन उभे राहिले दुबेंच्या समाधीपाशी. एका पळून आलेल्या विधवेपासून तिथपर्यंत तीन पिढ्या.

त्याच बोर्डाचे ॲडम्स कॉलेज. अल्बर्ट लुथुली तेथे शिकले आणि तेथेच शिकवू लागले. सेरेत्से खामा आणि जोशुआ न्कोमो तेथले विद्यार्थी. शेवटच्या काळात प्राचार्य होते जॅक ग्रँट. क्रिकेट पाहणाऱ्यांनी हे नाव ऐकले असेल; १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात वेस्ट इंडीजचे कप्तान होते ते हेच. १९५३ साली बांटू शिक्षण कायदा आला. आफ्रिकी मुलाला जे गणित आयुष्यात वापरायलाच मिळणार नाही ते शिकवून काय उपयोग, असा या कायद्याचे कर्ते फेरवूर्ट यांचा उघड सवाल होता. मिशनच्या शाळांचे अनुदान तोडले गेले. शाळा सरकारच्या हवाली करा किंवा बंद करा. १९५६ च्या अखेरीस ॲडम्स कॉलेज संपले. मिशनच्या शाळांचे जे काही दोष असतील ते असोत, राज्यकर्त्यांना त्या धोकादायक वाटल्या, हे प्रशस्तिपत्र त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

या कायद्याला विरोध करणाऱ्यांत एक इंग्रज पाद्री होता, ट्रेव्हर हडलस्टन. आमच्या विद्यार्थिनीला सर्वांत आधी वाचायला सांगितले ते याच्याबद्दल. १९४३ मध्ये तो जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन या काळ्यांच्या वस्तीत आला आणि सुमारे तेरा वर्षे तिथे राहिला. डेझमंड टुटू सांगत की, ते लहान असताना, आई घरकाम करून पोट भरत होती तेव्हा, एका गोऱ्या पाद्र्याने रस्त्यात तिला पाहून टोपी काढली; गोरा माणूस काळ्या मोलकरणीला मान देतो हे त्यांनी प्रथमच पाहिले. तो हडलस्टन. पुढे टुटू किशोरवयात क्षयाने जवळजवळ वीस महिने रुग्णालयात होते, तेव्हा हा माणूस आठवड्याला भेटायला येई. टुटूंनी आपल्या मुलाचे नाव ट्रेव्हर ठेवले. ह्यू मासेकेला हा त्याच्या शाळेतला खोडकर मुलगा. त्याने ट्रम्पेट मागितला, हडलस्टनने मिळवून दिला, आणि नंतर लुई आर्मस्ट्राँगने आपला एक ट्रम्पेट त्या पोरांसाठी धाडला. फेब्रुवारी १९५५ मध्ये सरकारने सोफियाटाउन उठवायला सुरुवात केली. १९५६ मध्ये हडलस्टनला त्याच्या धर्मसंघाने परत बोलावले, आणि त्याची शाळाही सरकारच्या हाती देण्यापेक्षा बंद करण्यात आली.

या माणसाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे मुलांनी सांगितलेले आहे, ती मोठी झाल्यावर. त्याने स्वतःही पुस्तक लिहिले, गाजले. पण टोपीची गोष्ट त्याने सांगितलेली नाही, टुटूंनी सांगितलेली आहे. त्याला ती बहुधा आठवतही नसावी. मिशनरीच्या पत्रात एक मूल असते असे आम्ही वर म्हटले. येथे मुलांच्या आठवणीत एक मिशनरी आहे. आणि त्यासाठी तेरा वर्षे लागली.

दोन आठवड्यांत काय होते? विसाव्या शतकाच्या अखेरीस विमानप्रवास स्वस्त झाला आणि एड्सने दक्षिणी आफ्रिकेतल्या आईबापांची एक पिढी कापून काढली, तेव्हा हा नवा प्रकार फोफावला. चर्चच्या तुकड्या, सुटीतल्या बायबल शाळा, एकसारखे टी-शर्ट. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधक लिंडा रिश्टर आणि त्यांच्या सहलेखिका एमी नॉर्मन यांनी एका निबंधात या प्रकाराला 'एड्स-अनाथ पर्यटन' असेच नाव दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: संस्थेत राहणारे लहान मूल येईल त्या पाहुण्याला बिलगते, पाहुण्याला ते प्रेम वाटते, तज्ज्ञांना ते तुटलेपणाचे लक्षण वाटते. मग पाहुणा जातो. दुसरा येतो, तोही जातो. शिवाय जिथे गावातल्या तरुणांना काम नाही तिथे त्यांनी करायचे काम परदेशी माणूस पैसे भरून करतो. आणि अनाथ या शब्दाचेही पाहिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय मोजणीत आई किंवा बाप यांपैकी एक गेला तरी मूल अनाथ धरतात. मराठीत आपण त्याला पोरके म्हणू, अनाथ म्हणताना दहादा विचार करू. बहुतेक मुलांना कुणीतरी असते. आजी तर हमखास असते.

मुले स्वतः बोलली नाहीत असेही नाही. जुलै २००० मध्ये दर्बानच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत न्कोसी जॉन्सन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा, अंगाहून मोठा कोट घालून, हजारोंपुढे उभा राहिला. जन्मतः एचआयव्ही घेऊन आलेला. गरोदर बायांना औषध द्या म्हणजे बाळांना हे दुखणे लागणार नाही, ही त्याची सरकारकडे मागणी. पुढच्या वर्षी तो गेला. सरकारी दवाखान्यांतून एड्सवरची औषधे मिळू लागायला २००४ उजाडले.

एस्वातिनीत मात्र आम्हांला आणखी एक गोष्ट वाचायला मिळाली, आणि ती विद्यार्थिनीला कळवताना आमच्यातल्या एकाला उगाचच भरून आले. जगात एचआयव्हीचे प्रमाण सर्वांत अधिक असलेला हा देश. तिथे गावागावांत शेजारच्या बायांनी मुलांना एकत्र करून जेवू घालण्याची ठिकाणे उभी राहिली. सरदारकीच्या पातळीवरच्या अशा केंद्राचे नाव 'काघोघो', म्हणजे आजीकडे. आणि मुलांवर होणाऱ्या अत्याचारांकडे लक्ष ठेवण्यासाठी गावाने आपल्यातूनच निवडलेली माणसे असतात, त्यांना म्हणतात 'लिहलोंबे लेकुखालेला'. याचा अर्थ, रडायला खांदा. स्वयंसेवक या आपल्या संस्कृत शब्दापेक्षा कितीतरी नेमका शब्द. ही माणसे दोन आठवड्यांनी जात नाहीत, कारण ती तिथलीच आहेत. भिंत रंगवणाऱ्या तुकडीच्या फोटोत डावीकडे कडेला मोठ्या हंड्यात लापशी ढवळणारी जी बाई दिसते, ती यांपैकी एक असू शकते. फोटोखाली तिचे नाव नसते.

आमच्या उत्तरात आम्ही 'जाऊ नकोस' असे लिहिले नाही. तिच्या पणजोबांना ज्याने उचलून आणले तोही कुणीतरी परकाच होता, आणि तो आला नसता तर आम्हांला ही विद्यार्थिनी मिळाली नसती. हडलस्टनची माहिती पाठवली, एमाच्या पत्राचे आम्ही केलेले मराठी भाषांतर पाठवले, आणि एवढेच सुचवले की, आधी त्या लापशी ढवळणाऱ्या बाईचे नाव विचार, आणि ती सांगेल ते काम कर.

ऑगस्टमध्ये तिचे उत्तर आले. भिंती रंगवून झाल्या होत्या. बाईंनी तिला तीन दिवस हंडे घासायला लावले, आणि मग चौथ्या दिवशी जवळ बसवून घेतले. फोटो तिने पाठवले नव्हते. सोबत एका कागदाची प्रत होती: नऊ-दहा वर्षांच्या मुलीने पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलेले पाच ओळींचे पत्र. ते आमच्या विद्यार्थिनीला नव्हते. आदल्या वर्षीच्या तुकडीत आलेल्या कुणा एका ताईला होते, जिने पुढच्या वर्षी येते म्हणून सांगितले होते. मुलीला तिचे पहिले नाव तेवढे ठाऊक होते. हे पोहोचव, असे तिने बजावले होते. विद्यार्थिनीने लिहिले होते की, चर्चच्या कार्यालयातून आदल्या वर्षीची यादी तिने मागून घेतली आहे. त्या नावाच्या दोघीजणी निघाल्या, एकीचा पत्ता लागला, ती ही नव्हे, आणि दुसरीला तिने फोन केला आहे.